पाऊस आणि हिरवळ: निमशुष्क प्रदेशातल्या दुष्काळावर नजर कशी ठेवावी

एकाच भागाचे, एकाच महिन्याचे दोन नकाशे समोर ठेवलेत. पावसाचा नकाशा लाल आहे, म्हणजे तूट दाखवतोय, हिरवळीचा नकाशा हिरवागार. नवखा माणूस इथेच अडतो आणि विचारतो, यातला खरा कोणता? बहुतेक वेळा दोन्ही खरे असतात. पावसानं ओढ देऊन तीन आठवडे झालेले असतात, पण जमिनीत अजून ओल असते आणि पीक तिच्यावर तग धरून असतं. आणखी पंधरा दिवसांनी हिरवळीचा नकाशाही लाल होतो. तेव्हा कुणालाच शंका उरत नाही, पण मधले पंधरा दिवस हातचे गेलेले असतात. चाऱ्याची सोय, टँकरची आखणी, दुबार पेरणीचा निर्णय, सगळं त्या पंधरा दिवसांत बसवायचं असतं. म्हणून या लेखात दोन्ही आकडे वेगवेगळे कसे काढायचे हे तर सांगतोच, पण ते एकमेकांशी जुळत नाहीत तेव्हा काय समजायचं यावर जास्त बोलणार आहे.

लागणारं साहित्य फार नाही. इंटरनेट असलेला साधा संगणक, एखादं स्प्रेडशीट आणि नकाशे उघडायला क्यूजीआयएससारखं मोफत सॉफ्टवेअर एवढ्यावर सुरुवात होते. थोडं कोडिंग येत असेल तर गुगल अर्थ इंजिनवर उपग्रहांचा बहुतेक जुना साठा तयारच मिळतो, काहीही डाउनलोड न करता त्यावर गणित करता येतं.

पहिली पायरी: प्रदेशाचं वेळापत्रक लिहून काढा

आकड्यांना हात लावायच्या आधी एका कागदावर त्या भागाचा हंगाम मांडा. पाऊस साधारण कधी सुरू होतो, पेरणी कधी होते, पीक फुलोऱ्यात कधी येतं, काढणी कधी. कुरणांचा भाग असेल तर गवत कधी उगवतं आणि कधी वाळतं. पूर्व आफ्रिकेच्या बऱ्याच भागात वर्षाला दोन पावसाळे असतात, मार्च ते मे आणि ऑक्टोबर ते डिसेंबर. साहेलमध्ये, म्हणजे सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडच्या पट्ट्यात, एकच, साधारण जून ते सप्टेंबर. तिथली पद्धत इथे जशीच्या तशी उचलली तर कोरड्या महिन्यातल्या कोरडेपणालाच दुष्काळ म्हणायची वेळ येते.

निमशुष्क म्हणजे नेमकं काय, हेही माहीत असू द्या. वर्षभरात पडणाऱ्या पावसाला, पाण्याची कमतरता नसती तर जमीन आणि झाडं मिळून जेवढं पाणी हवेत सोडू शकली असती त्या आकड्यानं भागायचं. भागाकार ०.२ ते ०.५ च्या दरम्यान आला तर तो प्रदेश निमशुष्क. म्हणजे सरासरी वर्षीसुद्धा आभाळातून जेवढं येतं त्याच्या दुप्पट किंवा त्याहून जास्त पाणी हवा ओढून घ्यायला तयार असते. अशा ठिकाणी पावसाची वर्षावर्षातली चढउतारही मोठी असते, आणि पुढचं सगळं गणित या चढउतारीभोवती फिरतं.

त्याच कागदावर जमिनीचा वापरही मांडा: कोरडवाहू शेती कुठे, बागायत कुठे, कुरणं कुठे, जंगल कुठे. आत्ता हे जास्तीचं काम वाटेल. हिरवळीचा नकाशा हाती आला की याच कागदावाचून अडेल.

दुसरी पायरी: पावसाची आकडेवारी गोळा करा

पाऊस मोजायचे दोन मार्ग आहेत, जमिनीवरचा पर्जन्यमापक आणि उपग्रह. पर्जन्यमापकाचा आकडा नेमका असतो, पण तो त्या एका जागेपुरता. निमशुष्क भागात एका गावात झोडपून जातो आणि चार किलोमीटरवर धूळ बसत नाही, हे आपण सगळे पाहतो. उपग्रहाचा आकडा सगळीकडचा असतो, पण तो अंदाज असतो.

नव्यानं सुरुवात करणाऱ्यानं 'चर्प्स' ही माहिती घ्यावी. सांता बार्बरा इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या क्लायमेट हॅझर्ड्स सेंटरनं अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेबरोबर ती तयार केली आहे. १९८१ पासून सलग, ५० अंश दक्षिण ते ५० अंश उत्तर अक्षांशांपर्यंत, ०.०५ अंशांच्या म्हणजे विषुववृत्ताजवळ साधारण साडेपाच किलोमीटरच्या चौकटीत ती मिळते. उपग्रहाचा अंदाज आणि पर्जन्यमापकांच्या नोंदी यात एकत्र केलेल्या असतात. दर पाच दिवसांचा प्राथमिक आकडा लवकर येतो, अंतिम आकडा पुढच्या महिन्यात. दोन्ही वापरा, पण कोणता वापरलाय ते नोंदवा, कारण अंतिम आकडा आल्यावर चित्र थोडं बदलू शकतं. दर अर्ध्या तासाचा पाऊस हवा असेल तर नासाची 'आयमर्ग' ही माहिती आहे, ०.१ अंशांच्या चौकटीत. मात्र तिचा इतिहास चर्प्सइतका लांब नाही, आणि दुष्काळाच्या कामात लांब इतिहासाला जास्त मोल आहे.

उपग्रह पाऊस थेट मोजत नाही. चर्प्समध्ये ढगांचे माथे किती वेळ किती थंड होते यावरून पावसाचा अंदाज बांधला जातो. उंच वाढलेल्या गडगडाटी ढगांना हे छान लागू पडतं. डोंगरउतारावर अडणारे ठेंगणे, उबदार ढग भरपूर पाऊस देऊनही माथ्यावर थंड नसतात, आणि तिथे आकडा कमी येऊ शकतो. म्हणून आपल्या भागातल्या दोन-चार भरवशाच्या पर्जन्यमापकांच्या जुन्या नोंदी मिळवा आणि महिन्यामहिन्याचे आकडे शेजारी ठेवून बघा. रोजचे आकडे जुळतील अशी अपेक्षा नको. महिन्याचे मात्र एका चालीनं वरखाली व्हायला हवेत.

पर्जन्यमापकाच्या वहीबद्दल एक कळकळीची सूचना. वहीतली रिकामी चौकट आणि वहीतलं शून्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शून्य म्हणजे पाऊस पडला नाही. रिकामी चौकट म्हणजे कुणी वाचलंच नाही. सुरुवातीच्या काळात मी एका केंद्राच्या वहीतल्या सगळ्या रिकाम्या चौकटी शून्य धरल्या आणि ऐन पावसाळ्यात अकरा दिवसांचा खंड 'शोधून' काढला. त्या दिवसांत नोंद घेणारा माणूस आजारी होता. बाराव्या दिवशी एकदम ८७ मिलिमीटर लिहिलेले होते, म्हणजे बारा दिवसांचं साचलेलं पाणी एकाच तारखेला. अशा जागा आधी हुडका. सुट्टीनंतरच्या दिवशी येणारे मोठे आकडे, महिनाभर सारखीच येणारी संख्या, उपग्रहांच्या फाइलमधले उणे ९९९९. हा शेवटचा आकडा म्हणजे 'माहिती नाही' ही खूण आहे. तो बेरजेत गेला तर सगळंच बिघडतं.

तिसरी पायरी: कमी म्हणजे किती कमी, ते ठरवा

सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे सरासरीच्या किती टक्के पाऊस झाला. लोकांना तो लगेच समजतो, म्हणून सांगताना वापरावा. पण निर्णय त्यावर घेऊ नये. कारण उदाहरणातच पाहू.

समजा दोन ठिकाणं आहेत. दोन्हीकडे हंगामाची सरासरी २४० मिलिमीटर आणि यंदा दोन्हीकडे १५० पडला, म्हणजे साडेसदतीस टक्के तूट. पहिल्या ठिकाणी पाऊस बऱ्यापैकी एकसारखा पडतो, वर्षावर्षातला फरक मोजणारं प्रमाण विचलन ६० आहे. दुसऱ्या ठिकाणी ते ११०. पहिल्याकडे आपण सरासरीच्या दीड विचलन खाली आहोत, आणि असं वर्ष क्वचित येतं. दुसऱ्याकडे जेमतेम ०.८ खाली, तिथल्या लोकांनी असं वर्ष अनेकदा पाहिलंय आणि त्यांची पिकं, जनावरं, साठवणूक त्या हिशोबानंच बेतलेली आहे. टक्केवारी एकच असली तरी दोन्हीकडचं संकट सारखं नाही.

ही अडचण सोडवायला प्रमाणित पर्जन्य निर्देशांक आहे. सगळे त्याला एसपीआय म्हणतात. १९९३ मध्ये कोलोरॅडो राज्य विद्यापीठातल्या मॅकी, डोएस्केन आणि क्लाइस्ट यांनी तो मांडला, आणि २००९ मध्ये अमेरिकेतल्या लिंकन इथे झालेल्या तज्ज्ञांच्या बैठकीतून जगभरच्या हवामान खात्यांनी पावसाच्या दुष्काळासाठी हाच वापरावा अशी शिफारस पुढे आली. त्यातली कल्पना साधी आहे: यंदाचा पाऊस याच ठिकाणच्या, याच महिन्यांच्या जुन्या वर्षांच्या रांगेत कुठे बसतो? शून्य म्हणजे मधोमध. उणे १ ते उणे १.४९ मध्यम, उणे १.५ ते उणे १.९९ तीव्र, उणे २ आणि त्याखाली अतितीव्र. अतितीव्र स्थिती शंभरात दोन-तीन वेळाच येते. इतिहास किमान तीस वर्षांचा हवा.

तयार सॉफ्टवेअर वापरण्याआधी एकदा हा आकडा हातानं काढा, म्हणजे तो अंगवळणी पडेल. १९८१ ते २०२४ अशा ४४ वर्षांच्या, त्याच तीन महिन्यांच्या बेरजा स्प्रेडशीटमध्ये चढत्या क्रमानं लावा. समजा तुमचं वर्ष खालून चौथं आलं. ४ ला ४५ नं भागा (वर्षांच्या संख्येत एक मिळवायचा), उत्तर ०.०८९. स्प्रेडशीटमधलं प्रमाण वितरणाचं उलट सूत्र (NORM.S.INV) या आकड्यावर लावलं की साधारण उणे १.३५ येतं. झाला तुमचा तीन महिन्यांचा एसपीआय, मध्यम दुष्काळ. या क्रमाच्या पद्धतीला एक मर्यादा आहे. ४४ वर्षांतलं सगळ्यात कोरडं वर्षसुद्धा उणे २ च्या आसपासच थांबतं, कितीही भयंकर असलं तरी. मूळ पद्धतीत जुन्या आकड्यांवर गॅमा वितरण नावाचा गणिती वक्र बसवतात ते यासाठीच. शिकायला आणि ताडून पाहायला मात्र क्रमाची पद्धत पुरेशी आहे.

किती महिन्यांचा एसपीआय घ्यायचा? उगवण आणि उभं पीक पाहायचं असेल तर एक ते तीन महिने. कुरणं आणि संपूर्ण हंगाम पाहायचा तर तीन ते सहा. विहिरी, तलाव, भूजल यांसाठी बारा किंवा जास्त. आणि कोरड्या महिन्यांचा एक महिन्याचा एसपीआय काढूच नका. जिथे त्या महिन्यात बहुतेक वर्षी पाऊस शून्यच असतो तिथे चार मिलिमीटर पडले तरी निर्देशांक 'अतिशय ओला' म्हणून उडी मारतो. त्या आकड्याला काहीच अर्थ नसतो.

खंडाकडे वेगळं पाहा

एसपीआय बेरीज पाहतो, मधल्या तारखा पाहत नाही. ही त्याची सगळ्यात मोठी उणीव आहे आणि निमशुष्क शेतीत तीच जीवघेणी ठरते. तीन महिन्यांत ३०० मिलिमीटर अपेक्षित होते, ३०५ पडले. निर्देशांक शून्याजवळ, नकाशा पांढरा. पण त्यातले १४० दोन दिवसांत कोसळले आणि बरेचसे वाहून गेले, आणि पीक फुलोऱ्यात असताना सलग २४ दिवस थेंब नाही. समजा तिथली जमीन उथळ आहे आणि मुळांच्या पट्ट्यात जेमतेम ६० मिलिमीटर ओल धरते. उन्हात रोज ५ मिलिमीटर उडून गेले तर बाराव्या दिवशी पीक माना टाकतं, आणि पुढचे बारा दिवस ते नुसतं जळत राहतं.

म्हणून एसपीआयच्या शेजारी आणखी एक रकाना ठेवा: सगळ्यात मोठा खंड किती दिवसांचा आणि तो पिकाच्या कोणत्या अवस्थेत आला. कोरडा दिवस कशाला म्हणायचं ते आधी ठरवा. बरेच जण १ मिलिमीटरपेक्षा कमी पावसाचा दिवस कोरडा धरतात. काही हवामान खात्यांची मर्यादा २.५ मिलिमीटर असते. कोणतीही घ्या, पण दरवर्षी तीच. माझ्या मते नवख्या माणसानं एकच जास्तीचा आकडा काढायचा तर हाच काढावा. याला कुठलंही अवघड गणित लागत नाही आणि शेतकऱ्याशी बोलताना तो लगेच पटतो.

चौथी पायरी: हिरवळ मोजा

ताजं पान लाल प्रकाश खातं, कारण हरितद्रव्याला तो लागतो. डोळ्यांना न दिसणारा, लालच्या पलीकडचा जवळचा अवरक्त प्रकाश मात्र पानाच्या आतल्या पेशींच्या रचनेमुळे विखुरतो आणि बराचसा परत फेकला जातो. उपग्रह हे दोन्ही मोजतो. दोन्हींतली वजाबाकी त्यांच्या बेरजेनं भागली की एनडीव्हीआय हा हिरवळीचा निर्देशांक मिळतो:

एनडीव्हीआय = (अवरक्त − लाल) ÷ (अवरक्त + लाल)

भरात असलेल्या पिकाचं लाल परावर्तन समजा ०.०८ आणि अवरक्त ०.४०. उत्तर ०.६७. तेच पीक कोमेजायला लागलं की लाल ०.१४ वर चढतं, अवरक्त ०.३० वर उतरतं, आणि एनडीव्हीआय ०.३६ होतो. उघडी जमीन साधारण ०.१ ते ०.२, विरळ गवत ०.२ ते ०.४, दाट पीक ०.६ च्या वर. पाण्याचा आकडा उणे येतो.

१९७० च्या दशकाच्या शेवटी नासाच्या कॉम्प्टन टकर यांनी या निर्देशांकाचा वनस्पतींसाठीचा उपयोग नीट दाखवून दिला आणि पुढच्या दशकात साहेलच्या दुष्काळाच्या अभ्यासात तो रुळला. १९८४ च्या इथिओपियातल्या भीषण दुष्काळानंतर १९८५ मध्ये 'फ्यूज नेट' ही दुष्काळाची आगाऊ सूचना देणारी व्यवस्था उभी राहिली, तिच्या कामातही पाऊस आणि हिरवळ हीच जोडी पहिल्यापासून आहे.

सुरुवातीला मोडिस उपग्रह-उपकरणाची १६ दिवसांची, २५० मीटरची माहिती घ्या. ती २००० पासून सलग आहे, वर्षाला २३ चित्रं मिळतात, आणि १६ दिवसांतल्या निरीक्षणांमधून ढग टाळून चांगलं निवडलेलं असतं. सेंटिनेल-२ ची चित्रं १० मीटरची आहेत, त्यात एकेक शेत दिसतं, पण त्यांचा इतिहास २०१५ पासूनचा. म्हणजे 'नेहमीपेक्षा किती वेगळं' हे मोडिसला विचारायचं आणि 'नेमकं कुठे' हे सेंटिनेलला. मोडिसचे उपग्रह आता म्हातारे झालेत आणि त्यांची जागा व्हीआयआयआरएस हे उपकरण घेतंय. पण दोन उपकरणांचे आकडे एकाच आलेखात सरळ जोडू नका. त्यांची लाल-अवरक्त पट्टी तंतोतंत एक नाही, आणि जोडाच्या जागी जी पायरी दिसते तिला कुणीतरी दुष्काळ म्हणून बसतं.

दोन बारीक गोष्टी, ज्यांवर नवख्यांचे तासन् तास जातात. मोडिसची फाइल उघडली की एनडीव्हीआय ३६०० असा दिसतो. घाबरू नका, त्याला ०.०००१ नं गुणायचं असतं. आणि सेंटिनेल-२ च्या माहितीत २५ जानेवारी २०२२ पासून प्रक्रियेत बदल झाला, परावर्तनाच्या आकड्यात १००० ची भर पडते. ती वजा न करता जुनी-नवी चित्रं तुलनेला घेतली तर त्या तारखेनंतर सगळीकडे हिरवळ घटलेली दिसेल. अर्थ इंजिनवर हा फरक आधीच काढून टाकलेला 'हार्मोनाइज्ड' संच आहे, तोच वापरा.

पाचवी पायरी: हिरवळीची तुलना तिच्याशीच करा

खडकाळ माळावर ०.२५ म्हणजे चांगलं वर्ष असू शकतं, काळ्या जमिनीत ०.२५ म्हणजे पीक गेलं. म्हणून प्रत्येक पिक्सेलची, म्हणजे चित्रातल्या एकेका चौकटीची, तुलना त्याच पिक्सेलच्या, वर्षातल्या त्याच पंधरवड्याच्या जुन्या आकड्यांशी करायची. अमेरिकेच्या नोआ संस्थेतले फेलिक्स कोगन यांनी यासाठी वनस्पती स्थिती निर्देशांक, म्हणजे व्हीसीआय दिला: आत्ताच्या एनडीव्हीआयमधून आजवरचा किमान वजा करा, कमाल आणि किमान यांच्या फरकानं भागा, शंभरनं गुणा. शून्य म्हणजे आजवरचं सगळ्यात वाईट, शंभर म्हणजे सगळ्यात चांगलं.

केनियाच्या दुष्काळ व्यवस्थापन प्राधिकरणात तीन महिन्यांच्या सरासरी व्हीसीआयवर टप्पे ठरलेले आहेत: १० च्या खाली अतितीव्र, १० ते २० तीव्र, २० ते ३५ मध्यम, ३५ ते ५० सामान्य, त्यावर सामान्यापेक्षा चांगलं. सुरुवातीला हेच टप्पे घ्यायला हरकत नाही. पुढे आपल्या भागाच्या अनुभवावरून बदलावेत.

व्हीसीआयचं सगळं गणित किमान आणि कमाल या दोनच आकड्यांवर टेकलेलं आहे, आणि तिथेच ते फसतं. एका पिक्सेलचा खरा किमान ०.२४, कमाल ०.४६, आणि आत्ता ०.२७. व्हीसीआय आला १३.६, म्हणजे तीव्र दुष्काळ. आता समजा पंधरा वर्षांपूर्वीच्या एका चित्रात त्या पिक्सेलवर विरळ ढग राहून गेला आणि आकडा ०.०९ नोंदला गेला. तोच किमान ठरला. आत्ताचा ०.२७ तोच, पण व्हीसीआय आता ४८.६, म्हणजे सामान्य! पंधरा वर्षांपूर्वीच्या एका ढगानं आजचा दुष्काळ झाकला. म्हणून फाइलबरोबर येणारा, कुठे ढग होता ते सांगणारा गुणवत्तेचा थर न लावता किमान-कमाल कधीही काढू नका. तरीही शंका असेल तर किमान-कमालऐवजी ५ आणि ९५ शतमक घ्या, म्हणजे ज्यांच्या खाली जुन्या आकड्यांपैकी ५ आणि ९५ टक्के येतात ते आकडे.

यानंतर पहिल्या पायरीतला जमीनवापराचा कागद काढा. कोरडवाहू शेती वेगळी, कुरण वेगळं, बागायत वेगळी करून मगच सरासरी काढायची. अर्धा भाग विहिरीच्या पाण्यावर ८० आणि अर्धा कोरडवाहू २० असेल तर सरासरी ५० येते आणि सगळं ठीक दिसतं. मी तर सरासरी शेवटी सांगतो. आधी सांगतो, कोरडवाहू क्षेत्रापैकी किती टक्के ३५ च्या खाली आहे.

सहावी पायरी: दोन्ही शेजारी ठेवा

तीन महिन्यांचा एसपीआय, सगळ्यात मोठा खंड आणि व्हीसीआय असे तीन आलेख एकाखाली एक, एकाच कालरेषेवर लावा. पावसाचा परिणाम हिरवळीत लगेच उमटत नाही. निमशुष्क भागात साधारण एक ते तीन महिन्यांचा उशीर असतो. गवत लवकर प्रतिसाद देतं, झुडपं आणि झाडं उशिरा. हलक्या जमिनीत उशीर कमी, भारी जमिनीत जास्त. तुमच्या भागात तो किती आहे हे जुन्या वर्षांवरून काढा: पावसाची रांग एक महिना, दोन महिने, तीन महिने पुढे सरकवून पाहा आणि हिरवळीशी मेळ कधी सगळ्यात चांगला बसतो ते बघा. हा उशीर म्हणजेच तुमच्या हातातला वेळ.

दोन्ही खराब असतील तर विचार करायला फारसं उरत नाही, कळवा. दोन्ही चांगले असतील तर पुढच्या पंधरवड्याकडे वळा.

पाऊस खराब आणि हिरवळ चांगली, हा लेखाच्या सुरुवातीचा प्रसंग. पहिली शक्यता म्हणजे उशीर, ओल अजून टिकून आहे. अशा वेळी उपग्रहावरून मिळणारं जमिनीच्या पृष्ठभागाचं तापमान पाहा. पाणी कमी पडायला लागलं की झाड पानांची छिद्रं मिटतं, बाष्प सोडणं थांबवतं आणि पान तापतं. पान हिरवं असतानाच ताप चढतो, म्हणून तापमानात इशारा आधी दिसू शकतो. दुसरी शक्यता सिंचनाची. तिथे हिरवळ खरी आहे, पण ती भूजल उपसून उभी आहे, आणि दुष्काळ नकाशावर न दिसता विहिरीच्या तळाशी साचतोय. तिसरी शक्यता मला सगळ्यात दुखरी वाटते: जनावरं खात नाहीत अशी हिरवळ. वेडी बाभूळ खोल मुळांनी पाणी ओढते आणि कोरड्या वर्षीही हिरवी राहते. उपग्रहाला ती आणि चांगलं कुरण यांतला फरक कळत नाही. नकाशा हिरवा असतो आणि गुरं उपाशी असतात.

याच्या उलट, पाऊस चांगला आणि हिरवळ खराब. आधी खंड तपासा. मग पेरणी उशिरा झाली का ते पाहा, कारण पीक पंधरा दिवस मागे असेल तर या तारखेचा आकडा कमी येणारच आणि पुढे भरून निघेल. अतिचराई, वणवा, टोळधाड, पुरानं वाहून गेलेली माती, शेत पडीक टाकणं, याही शक्यता आहेत. आणि ढग. भर पावसाळ्यात सलग ढगाळ असेल तर १६ दिवसांच्या चित्रातही स्वच्छ क्षण सापडत नाही.

विरळ झाडोऱ्याच्या भागात आणखी एक धोका असतो. तिथे उपग्रहाला पानांपेक्षा माती जास्त दिसते आणि पावसानं भिजून गडद झालेली माती एनडीव्हीआय थोडा हलवते. त्यासाठी १९८८ मध्ये हुएट यांनी मातीचा परिणाम कमी करणारा सावी हा निर्देशांक दिला. कुरण फारच विरळ असेल तर तोही काढून पाहा.

सातवी पायरी: पायानं जा

दर पंधरवड्याला, नकाशावर दोन आकडे सगळ्यात जास्त विसंगत दिसतील अशा तीन-चार जागा निवडा आणि तिथे जा किंवा तिथल्या माणसाला फोन करा. प्रश्न आधी लिहून ठेवा आणि दरवेळी तेच विचारा: शेवटचा चांगला पाऊस कधी झाला? वीतभर उकरलं तर ओल लागते का? पीक दुपारी माना टाकतं की सकाळीही? जनावरं चरायला किती लांब जातात, मागच्या महिन्यापेक्षा लांब का? विहिरीला पाणी किती हातांवर आहे?

दुपारी माना टाकलेलं पीक संध्याकाळी सावरत असेल तर अजून वेळ आहे. सकाळीही ते तसंच उभं असेल तर मुळांजवळची ओल संपली. ही एक खूण मला अनेकदा निर्देशांकाच्या आठवडाभर आधी उत्तर देऊन गेली आहे. प्रत्येक जागेचा एकाच कोनातून, एकाच ठिकाणी उभं राहून फोटो काढा आणि तारीख टाका. दोन हंगामांनंतर या फोटोंवरून तुम्ही ०.२७ आणि ०.४६ डोळ्यांनी ओळखायला लागता.

आठवी पायरी: कळवा आणि वही ठेवा

पंधरवड्याचं निवेदन एका पानाच्या वर जाऊ देऊ नका. नमुना असा: 'कोरडवाहू क्षेत्रापैकी ४२ टक्के भागात व्हीसीआय ३५ च्या खाली. तीन महिन्यांचा एसपीआय उणे १.३. सगळ्यात मोठा खंड १९ दिवस, पीक फुलोऱ्यात. पूर्वेकडच्या कुरणांत हिरवळ सामान्य दिसते, मात्र प्रत्यक्ष भेटीत ती वेडी बाभूळ असल्याचं आढळलं, चारा नाही. पाऊस प्राथमिक आकड्यांवरून.' कोणता आकडा कोणत्या तारखेपर्यंतचा आहे हे लिहिल्याशिवाय नकाशा कुणाच्या हाती देऊ नका. नकाशा पुढे पुढे जातो आणि महिन्याभरानं कुणीतरी तो आजचा समजून वापरतं.

वहीत प्रत्येक निवेदनासमोर एक रकाना मोकळा सोडा. काढणी झाली की त्या भागात उत्पादन कसं आलं, जनावरं विकावी लागली का, टँकर कधी सुरू झाला, हे त्या रकान्यात भरा. जिथे तुम्ही 'सामान्य' लिहिलं आणि टँकर लागला, त्या नोंदीवर लाल खूण करा, आणि पुढच्या हंगामाचे टप्पे ठरवायला बसाल तेव्हा वही त्याच पानांपासून उघडा.